कुठे टोचतंय का?

४ नोव्हेंबर

चि. खारूस आईचे आशीर्वाद.

पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरली असशील, म्हणून आधीच सांगते, आम्ही दोघेही ठीक आहोत. कागद हिशेबाच्या जुन्या वहीतले आहेत. मागची पानं कोरी होती, फुकट कशाला घालवायची?

इतक्या महिन्यांत एक ओळ नाही आणि आता काम पडल्यावर आईला लेक आठवली, असं म्हणशील. म्हण. आठवण रोज होती, काम आता निघालं.

बाबांना परत कामावर घेतलं. मोठ्या साहेबांचं पत्र आलं. नेहमीप्रमाणे चष्मा सापडेना, म्हणून माझ्या हातात दिलं आणि डोळे मिटून ऐकायला बसले, जणू मी पोथी वाचणार आहे. एक डिसेंबरपासून स्कीच्या उताराचे राखणदार म्हणून हजर व्हावं. उजाडता उजाडता पहिली फेरी, दोऱ्या, झेंडे, जाळ्या तपासणं, आणि संध्याकाळी सगळे खाली गेल्यावर शेवटी स्वतः खाली येणं. सगळं पूर्वीसारखं. शेवटची ओळ मी गाळली. वयाचा विचार करता हा एकच हंगाम, असं होतं त्यात. एवढा उजळलेला चेहरा, त्यावर कशाला पाणी ओतू? तुला माहीतच आहे, मी वाचताना नको ती ओळ गाळते. तेही बहुतेक ओळखून असतात.

आता काम. त्यांच्या स्कीच्या बुटांचं बाहेरचं प्लास्टिक घोट्यापाशी तडकलंय. नवे बूट हवेत. मावशींच्या दुकानात यायला तयार नाहीत. का, ते तुला सांगायला नको. तू जिथे हे काम शिकलीस त्या दुकानाची पायरी ते चढणार नाहीत. मला म्हणाले, "तूच आण. लग्नापासून माझ्या पायात काय घालायचं ते तूच ठरवत आलीस."

मी म्हटलं, "अहो, चपला आणणं वेगळं आणि हे वेगळं. हे पायावर बसवून घ्यावे लागतात."

"मग बसव. पाय घरातच आहे."

मावशी भल्या आहेत. दोन जोड घरी नेऊन बघा म्हणाल्या. पण बघायचं काय, ते मला कळत नाही. तू आता तिकडच्या दुकानात दिवसभर हेच करतेस. मला नीट लिहून कळव. मॅट्रिकला मला शास्त्रात बरे गुण होते, समजेल मला.

ह्यांचे पाय तुला ठाऊक आहेत. चवडा फावड्यासारखा पसरट, टाच मात्र बाईमाणसासारखी निमुळती, वरची कमान उंच. उजव्या पायाच्या करंगळीजवळचं हाड बाहेर आलंय, आणि उजवा पाय डाव्यापेक्षा जरा लांब. इतकी वर्षं मोजे विणले त्यामुळे मला डोळे मिटून सांगता येतं कुठे टाके वाढवायचे आणि कुठे घटवायचे. सोबत दोन्ही पायांचे कागद पाठवते, पेन्सिल फिरवून काढलेत. पूर्वी तळव्याला बोट लागलं तरी हे खिदळायचे, आठवतं? तू लहान असताना मुद्दाम करायचीस. आता पेन्सिल बोटांच्या मधून गेली तरी हूं की चूं नाही. वय झालं की माणूस गंभीर होतो.

बेफिकीर मात्र तसेच आहेत. परवा माझ्या कोटाचं बटण हरवलं. सगळं घर पालथं घातलं. संध्याकाळी ह्यांनी बूट काढला तर त्यातून टपकन खाली पडलं. दिवसभर त्यावर चालत होते! मी इतकी हसले. ते पण हसले, पण जरा उशिरा.

आता खरं सांगते. ते वर जायला मला नको आहेत. गेल्या हिवाळ्यात जाळीपाशी पडलेले सापडले, ते मी विसरलेली नाही. साहेबांकडे जाऊन तू सांगितलंस, ह्यांची साखर वाढलेली असते, एकट्याला वर पाठवू नका. ते तू बरोबरच केलंस. या घरात मी हे मोठ्याने म्हटलेलं नाही, म्हणून कागदावर म्हणते. पण त्यांना अडवणं माझ्या हातात नाही. निदान बूट तरी धड असावेत.

उत्तर मावशींच्या दुकानाच्या पत्त्यावर पाठव. फोन करू नकोस, तो त्यांच्या खिशात असतो.

देव तुला सांभाळो.

तुझी आई

२० नोव्हेंबर

चि. खारू,

तुझं पत्र मिळालं. "आई" म्हणून सुरुवात केलीस, तिथेच माझं अर्धं काम झालं. बाकीचं तीनदा वाचलं आणि सगळं तुझ्या सांगण्याबरहुकूम केलं.

संध्याकाळची वेळ धरली, कारण तू लिहिलंस की दिवस कलल्यावर पाय सुजलेला असतो आणि सुजलेल्या पायाला बसला तोच खरा. मी विणलेले जाड मोजे बाजूला ठेवले. "एकच पातळ मोजा, आणि त्याला सुरकुती नको" हे वाचून मला जरा लागलं. इतक्या वर्षांची माझी लोकर म्हणजे बुटाच्या दृष्टीने अडचणच की! असो.

स्वयंपाकघरात स्टुलावर बसवलं त्यांना. आतलं मऊ अस्तर उपसून काढलं आणि नुसत्या टणक कवचात पाय घालायला लावला. बोटं पुढे टेकवली आणि टाचेच्या मागे माझी बोटं घालून बघितली. एका बोटाहून जास्त आणि दोन बोटांहून कमी जागा हवी, बरोबर? मग अस्तर परत घालून, बकलं लावून, गुडघे पुढे वाकवून उभं केलं. उभे ताठ राहिले की बोटं टेकतात, गुडघे वाकवले की मागे सरकतात, असं तू लिहिलं होतंस. नडगी बुटाच्या पुढच्या जिभेला सारखी टेकते का बघितलं. टाच उचलायला लावली.

"काय गं, घोड्याला नाल मारतेस का?" म्हणाले.

"हलू नका. कुठे टोचतंय का?"

"नाही."

"नीट सांगा. करंगळीपाशी? कमानीवर?"

"अगं नाही म्हणतो ना. झकास आहे. असा बूट जन्मात घातला नव्हता."

आता ऐक. दोन जोड होते. पहिला काळा, चवड्याला रुंद, टाचेला आवळ. त्यात सगळं तू लिहिलंस तसं जमलं. मावशी म्हणाल्या होत्या की ह्या पायांना हाच, फक्त करंगळीच्या हाडाजवळ गरम करून जरा फुगवून देते. दुसरा निळा. तो अरुंद, शर्यतीत पळणाऱ्या पोरांसाठीचा. त्यात उजवा पाय घालताना मलाच घाम फुटला. करंगळीचं हाड प्लास्टिकला टेकलेलं मला बाहेरून बोटाने चाचपता येत होतं. झकास म्हणाले ते ह्या दुसऱ्याला.

मी तो ठेवून घेतला. काळा परत केला.

चुकून नाही हं खारू. तू मला नीट बसणारा बूट ओळखायला शिकवलंस, त्यावरूनच न बसणारा ओळखता आला. मी विचार केला, मी नको म्हटलं तर ऐकणार नाहीत, तू म्हटलंस तर तुला घराबाहेर काढलं. बुटाने नको म्हटलं तर ऐकतील. पहिल्याच दिवशी दुपारपर्यंत करंगळी ठणकायला लागेल, शिव्या घालत खाली येतील, बूट भिंतीवर फेकतील आणि म्हणतील, गेलं खड्ड्यात, नाही जात. मग मी गरम पाण्यात त्यांचे पाय बुडवीन. दोन दिवस बोलणार नाहीत. मला चालेल.

त्यांनी झकास म्हटलं ते मात्र विचित्र वाटलं. तोऱ्यात म्हणाले असतील. दुखतंय असं ह्या माणसाने कधी कबूल केलंय? आणि परवा शेगडीपाशी पाय शेकत बसले होते, तर मोजा जळाल्याचा वास मला आतल्या खोलीत आला आणि हे तिथेच बसलेले. टाचेला हा एवढा फोड. म्हणे, "लक्ष नव्हतं." लक्ष सगळं वर उतारावर.

देवाला सांगितलंय, लबाडी आहे पण भल्यासाठी आहे. तुला काय वाटतं ते लिही.

तुझी आई

७ डिसेंबर

चि. खारू,

रस्ता बंद आहे. घाटात बर्फ कोसळलं, टपाल अडकलंय. मावशी माल आणायला खाली गेल्या होत्या, त्या तिकडेच राहिल्या, दुकानाला कुलूप. तुझं पत्र आलं असलं तरी वाटेत असेल कुठेतरी. हे लिहून ठेवते, रस्ता उघडला की जाईल.

बूट नको म्हणत नाहीये.

पहिल्या दिवशी मी खिडकीशी बसून होते. दुपार झाली, आले नाहीत. अंधार पडायच्या सुमारास दणदण पाय आपटत आले, गालांवर लाली, दहा वर्षांनी तरुण. म्हणाले, "टाच जागची हलत नाही. मनात आलं की स्की वळते. साहेबसुद्धा विचारत होते, कुठून घेतले? मी सांगितलं, आमच्या घरी तज्ज्ञ आहे." आणि माझ्याकडे बघून डोळा मारला. मी पोळीच्या तव्याकडे बघत राहिले.

दुसरा दिवस तसाच, तिसरा तसाच. मी मनात म्हटलं, काय हाडाचा माणूस आहे, मेला तरी म्हणणार नाही दुखतंय म्हणून. मला राग यायला लागला. इतका हट्ट! एकदा तरी कळवळावं माणसाने.

मोजे स्वतः धुतात आता. लग्नाला इतकी वर्षं झाली, स्वतःचा रुमाल कधी धुतला नाही, आणि आता मोजे. मी म्हटलं, "ठेवा, मी धुते." तर म्हणाले, "बर्फाने भिजलेत, तू कशाला हात गारठवतेस?" मला बरं वाटलं. खरंच वाटलं. मग दोरीवर वाळत घातलेला उजवा मोजा पाहिला. करंगळीच्या जागी तपकिरी डाग, धुऊनही न गेलेला. बूट नवा आहे, रंग सुटत असेल.

घरात एक वास येतोय. उंदीर मेलाय की काय म्हणून मी कपाटं सरकवून बघितली.

आणखी एक. परवा फोन वाजला. त्यांनी घेतला, काही न बोलता ठेवला. म्हणाले, "राँग नंबर." थोड्या वेळाने परत वाजला, परत ठेवला. मग बराच वेळ भिंतीकडे बघत बसले. राँग नंबरचा आवाज ऐकून कोणी असं बसत नाही. तूच होतीस ना? मी फोन करू नकोस म्हटलं होतं तरी केलास, म्हणजे तसंच काही असणार. काय सांगायचं होतं गं?

सारखं वाटतंय, घरात काहीतरी उतू जातंय आणि मी दुसऱ्याच खोलीत आहे.

आई

१३ डिसेंबर

खारू,

काल रस्ता उघडला. मावशी परत आल्या आणि कोट न काढता तुझं पत्र घेऊन थेट घरी आल्या. बाबा वर होते. मी दारातच उभ्याने वाचलं.

"आई, ते बूट आजच्या आज काढ. ज्या पायाला टोचत नाही त्याला बसवताना आम्ही सगळ्यांत जास्त घाबरतो. बटण आणि शेगडी, दोन्हीचा अर्थ एकच. त्यांच्या पायांना कळत नाहीये. साखरेने जातं ते. डोळे मिटायला सांग आणि विणायच्या सुईने तळव्याला टोचून बघ. कळलं की हं म्हणायला सांग."

मावशी खाली बसल्या. म्हणाल्या, "वहिनी, निळा जोड मी फक्त तुलना करायला दिला होता. काळा परत आणलात तेव्हा मला वाटलं, निळाही मागाहून आणाल आणि दुसरा मागाल. मी विचारायला हवं होतं." मी त्यांना काही सांगितलं नाही. तू सांगू नकोस.

ते आले. बूट काढायला मी बसले तर पाय मागे घेतला. मी म्हटलं, "आज माझं ऐका." आवाज असा काही निघाला असेल की त्यांनी पाय पुढे केला.

आधी डावा. मोजा काढला, पाय स्वच्छ होता. म्हटलं, "डोळे मिटा. मी सुई लावीन, कळलं की हं म्हणा."

"हे काय नवीन खूळ?"

"खेळ समजा."

डोळे मिटले. लहान मुलासारखे गच्च मिटले. मी अंगठ्याला सुई लावली. चवड्याला लावली. मग जोर दिला. तळव्यावर खळगा पडला, सुई वाकायला लागली.

"अगं, सुरू कर ना," म्हणाले.

मी केव्हाच सुरू केलं होतं खारू.

उजव्या पायाचा मोजा निघेना. कोमट पाणी लावून सोडवला. काय होतं ते लिहीत नाही. तो उंदराचा वास नव्हता. करंगळी काळी, आणि त्या हाडाच्या जागी हाडच दिसत होतं. त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "फार आहे का?" जसं काही पाय माझा होता.

रात्रीच दवाखान्यात आणलं. आता बाकावर बसून लिहिते आहे. कामावर घेण्याआधी जी तपासणी झाली तिचा कागद इथल्या डॉक्टरीणबाईंनी मागितला. छाती बघितली होती, डोळे बघितले होते. मोजे काढा असं कोणी म्हटलं नव्हतं.

जप करायला माळ काढली. माझी बोटं मण्यांवर आहेत की नाहीत तेच कळेना.

आई

११ जानेवारी

चि. खारू,

तू आलीस. ते भुलीत असताना तासन्‌तास त्यांच्या उशाशी बसलीस, आणि त्यांनी डोळे उघडायच्या आत गेलीस. मी त्यांना सांगितलं नाही. परिचारिकेने सांगितलं असतं, पण तिलाही मी गप्प केलं. तुझ्या मनाविरुद्ध काही करायचं नव्हतं. शुद्धीवर आल्यावर त्यांनी उशीवरचा केस उचलून बघितला. लांब होता. माझ्याकडे बघितलं, माझे पांढरे. मग तो बोटाला गुंडाळला.

उजवा पाय गुडघ्याच्या खालून गेला. तू होतीस तेव्हा घोट्यापर्यंत वाचेल असं बोलत होते. नाही वाचला.

व्हरांड्यात तू मला जे विचारलंस, त्याचं उत्तर तेव्हा दिलं नाही. "तो बूट पायात मुद्दाम घातला हे त्यांना सांगितलंस का?" नाही. अजूनही नाही. तुझा आवाज चढला नव्हता, ते जास्त वाईट होतं. तू माझी बॅग उचलून खोलीपर्यंत आणून दिलीस, पण माझ्या हाताला हात लागू दिला नाहीस. माझ्या लक्षात आलं ते.

तुला वाटत असेल, आई भितेय. भितेच. पण ऐक काय झालं ते. साहेब भेटायला आले होते. बरोबर दोन-चार राखणदार. त्यातल्या एकाने म्हटलं, "दादा, बूटच लागला म्हणायचा." तर हे उशीवरून उठून बसले. "बुटाला नाव ठेवायचं नाही. पाय माझा खराब होता. बूट हिने निवडलाय, आणि असा बसलेला बूट तुमच्यापैकी एकाच्याही पायात नाही. दहा दिवस मी जे उतरलो ना, तसा विशीतही उतरलो नव्हतो." सगळे माझ्याकडे कौतुकाने बघायला लागले. साहेब म्हणाले, "वहिनी, तुमचं दुकानच काढायला हवं." मी पाण्याचा तांब्या भरायला म्हणून बाहेर गेले. तो भरलेलाच होता.

आता सांग, कुठल्या तोंडाने सांगू? त्यांच्याजवळ आता ते दहा दिवसच आहेत, आणि तेही मी दिलेत असं त्यांना वाटतं.

मला जे हवं होतं ते झालं बघ. ते घरी बसणार. देवाने माझं ऐकलं नाही असं मला म्हणता येत नाही.

आई

६ फेब्रुवारी

चि. खारू,

घरी येऊन आठवडा होऊन गेला. कुबड्यांवर खोलीत फिरतात. दाराच्या उंबऱ्यावर दोनदा अडखळले, तर उंबऱ्यालाच म्हणाले, "तू पण साहेबांना जाऊन मिळालास का?" मी हसले. हसता येतं अजून, मलाच नवल वाटलं.

तुझं त्यानंतर पत्र नाही. मावशी रोज मान हलवतात. मी दोष देत नाही.

आता जो पाय राहिलाय त्याचं लिहायचं आहे. डॉक्टरीणबाईंनी बजावलंय, डावा जपा. रोज संध्याकाळी पाय धुऊन, पुसून, बोटांच्या मधे बघायचं आणि सुई लावून बघायची. मी सुई घेतली की हे शहाण्या मुलासारखे बसतात. स्टूल तेच, स्वयंपाकघर तेच. डोळे मिटतात आणि मी लावते.

पहिल्या दिवशी पाचपैकी तीनदा हं म्हणाले. मला रडूच आलं. दवाखान्यात नेलं त्या दिवशी ह्याच पायाला एकदाही कळलं नव्हतं ना! औषधाने फरक पडतोय, म्हटलं. दुसऱ्या दिवशी चारदा. मी उठून देवापुढे डोकं टेकवलं. डॉक्टरीणबाईंना सांगितलं तर त्या जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "इतकं लवकर?" मला त्यांचा राग आला.

काल पाचपैकी पाच.

आज मी सुई मांडीवर ठेवली. हात मागे घेतले, पदरात गुंडाळून बसले. त्यांच्या पायापासून चांगली हातभर लांब. नुसता श्वास धरला, जसा सुई लावताना धरते, आणि सोडला.

"हं," म्हणाले. "टाचेला."

मी परत श्वास धरला, सोडला.

"हं. अंगठा."

चेहरा असा शांत, ओठ जरा हसरे, मला बरं वाटावं म्हणून. मी बघत राहिले. आता कळलं, बटण बुटातून पडलं तेव्हा ते उशिरा का हसले. निळ्या बुटात उभं करून विचारलं होतं, कुठे टोचतंय का, तेव्हाही हा माणूस असाच माझ्या श्वासाकडे कान लावून बसला असेल. मी दुखावं म्हणून बूट निवडला, आणि पायाला काहीच जाणवत नाही हे मला कळू नये म्हणून त्यांनी झकास म्हटलं. एकाच स्टुलाच्या दोन बाजूंना बसून आम्ही दोघांनी मिळून तो पाय घालवला.

"बरोबर का?" त्यांनी विचारलं. डोळे मिटलेलेच.

मी म्हटलं, "बरोबर."

खारू, असं आम्ही रोज करत राहिलो तर हाही पाय जाईल. आज मी त्यांच्या डाव्या पायाचा कागद काढलाय, सोबत जोडते. स्कीचं नाही, घरात घालायला साधा, मऊ, आत शिवण नसलेला एक बूट हवा. या वेळी तूच निवड. माझा ह्या बाबतीतला शब्द धरू नकोस.

आणि तुला उत्तर लिहावंसं वाटलं तर मावशींच्या पत्त्यावर नको. घरच्या पत्त्यावर पाठव, पाकिटावर त्यांचं नाव घाल. तुझं अक्षर ते ओळखतील. टाकून देणार नाहीत, तो केस त्यांनी अजून खिशातल्या डबीत ठेवलाय. हातात घेऊन फिरवत बसतील आणि मग चष्मा सापडत नाही म्हणून मलाच देतील. डोळे मिटून बसतील.

त्या पत्रात सगळं लिही. त्यांना पायाचं कळत नाही आणि ते लपवतात हे लिही, फोन ठेवून दिला ते लिही. काळा कोणता, निळा कोणता, आणि मी निळा का ठेवला हेही लिही. माझ्या तोंडून माझे शब्द निघत नाहीत, तुझे निघतील.

मी वाचून दाखवीन. एकही ओळ गाळणार नाही.

तुझी आई